चिनी विद्यार्थ्यांना 'हार्डली' शिकवताना

माझ्याकडे इंग्रजी शिकणाऱ्या, चीनमधल्या छंगतू शहरातल्या एका तरुण अभियंत्याने नोकरीच्या अर्जात स्वतःविषयी मोठ्या अभिमानाने एक वाक्य लिहिले होते: 'आय ऑल्वेज वर्क हार्डली.' आपण नेहमी कष्ट घेऊन काम करतो, असे त्याला सांगायचे होते; वाचणाऱ्याला मात्र हा मनुष्य कामाला फारसा हातच लावत नसावा अशी शंका आली असती. अर्ज पाठवण्याआधी त्याने तो मला दाखवला, हे त्याचे नशीब. 'लाओशी, हे बरोबर आहे ना?' असे त्याने विचारले आणि त्या एका शब्दावर आमचा पाऊण तास गेला. लाओशी म्हणजे शिक्षक. वयाने धाकट्या असलेल्या शिक्षकालाही चिनी विद्यार्थी याच शब्दाने हाक मारतात. त्या पाऊण तासात मला जे धड सांगता आले नाही, ते पुढे हळूहळू जमत गेले. चिनी भाषकांना इंग्रजी शिकवायला नव्याने सुरुवात करणाऱ्या मराठी शिक्षकांसाठी ते येथे क्रमाने मांडत आहे.

आधी लिपीविषयी एक खुलासा करतो. पुढे जे चिनी शब्द येतील ते उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत. १९५८ साली चीनने स्वीकारलेल्या पिनयिन या रोमन पद्धतीत नकारदर्शक शब्द 'बू' असा लिहिलेला दिसतो, पण त्याचा उच्चार आपल्या 'पू'ला जवळचा आहे. प आणि फ, त आणि थ, क आणि ख हा चिनी भाषेतला भेद मराठी कानाला सहज कळतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या शिक्षकाला त्यासाठी झगडावे लागते. एवढा फायदा आपल्या पदरात आहेच, तो घ्यावा.

पहिली पायरी म्हणजे चूक कुठून येते ते समजून घेणे. चिनी भाषेत 'त' असा एकसारखाच उच्चार असलेली, पण वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिली जाणारी तीन अक्षरे आहेत. त्यांपैकी एक नामाच्या आधी येणाऱ्या विशेषणाला लागते, दुसरे क्रियापदाच्या आधी येऊन क्रिया कशी घडली ते सांगते आणि तिसरे क्रियापदाच्या नंतर येते. इंग्रजीच्या तासाला मुलांना एक सोपी खूण सांगितली जाते: चिनी वाक्यात क्रियापदाआधीचा 'त' दिसला की इंग्रजी विशेषणाला 'ली' जोडावे. 'क्विक'चे 'क्विकली' होते, 'स्लो'चे 'स्लोली' होते, 'केअरफुल'चे 'केअरफुली' होते, आणि या वाटेने चालत गेलेला प्रामाणिक विद्यार्थी 'नूली त', म्हणजे 'कष्टाने', या शब्दापाशी आला की 'हार्ड'चे 'हार्डली' करतो. त्याच्या तर्कात काडीचीही चूक नाही. म्हणून ही चूक दाखवताना 'तुम्ही नियम विसरलात' असे कधीही म्हणू नये, कारण त्याने नियम पाळला म्हणूनच तो फसलेला असतो.

त्याला सांगायचे ते इतकेच, की 'हार्ड' हा शब्द विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही आहे, आणि कष्टाचा अर्थ हवा असेल तर तो क्रियापदानंतर जसाच्या तसा ठेवायचा: 'आय वर्क हार्ड.' यासोबत 'लेट' आणि 'लेटली' ही जोडी जरूर द्यावी, कारण तिथेही 'ली' लावताच 'उशिरा'चे 'अलीकडे' होऊन बसते. 'निअर-निअरली' आणि 'हाय-हायली' या जोड्या मात्र पुढच्या तासासाठी राखून ठेवाव्यात. एकाच बैठकीत सगळे अपवाद ओतले की विद्यार्थी ते सुंदर अक्षरात वहीत उतरवून घेतो आणि बोलताना त्यातला एकही त्याला आठवत नाही.

मग 'हार्डली' हा शब्द आला तरी कुठून, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतोच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ खरोखरच 'जोराने', 'कठोरपणे' असा होता. पुढे तो 'मुश्किलीने' या अर्थाकडे सरकला आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास 'जेमतेम' या अर्थाने रूढ होऊ लागला. हा प्रवास मी फळ्यावर बाण काढून दाखवतो. जे मुश्किलीने होते ते जेमतेमच होते, आणि जे जेमतेम होते ते जवळपास होतच नाही, हे चिनी विद्यार्थ्याला लगेच पटते, कारण त्याच्याकडेही 'नान' म्हणजे कठीण या शब्दापासून 'नान ई' हा शब्दप्रयोग बनला आहे आणि 'नान ई' लावलेली गोष्ट बहुतेक वेळा होण्यासारखी नसतेच.

दुसरी पायरी अर्थाची आहे आणि खरे कष्ट येथेच आहेत. चीनमध्ये २००१ पासून प्राथमिक शाळेच्या तिसरीत इंग्रजी सुरू करण्याचे धोरण आहे. त्यामुळे तुमच्याकडे येणारा विद्यार्थी कोरा नसतो. शब्दांच्या याद्या त्याने वर्षानुवर्षे घोकलेल्या असतात, आणि त्या यादीत 'हार्डली'समोर 'ची हू पू' असा अर्थ छापलेला असतो. 'ची हू' म्हणजे जवळजवळ आणि 'पू' म्हणजे नाही. अर्थ चुकीचा नाही, पण त्याची मांडणी घातक आहे. चिनी भाषेत हे दोन सुटे शब्द आहेत आणि नकार त्यांतल्या दुसऱ्या शब्दात उघडपणे बसलेला आहे. इंग्रजीत तो 'हार्डली'च्या पोटात आहे, बाहेरून दिसत नाही. विद्यार्थ्याच्या डोक्यात 'हार्डली'ची गाठ फक्त 'ची हू'शी बसते आणि नकारासाठी तो वेगळा शब्द शोधत राहतो. त्यातूनच 'आय कान्ट हार्डली हिअर यू' किंवा 'हार्डली नोबडी केम' अशी वाक्ये तयार होतात.

येथे मराठी शिक्षकाने स्वतःकडे पाहावे. 'मला फारसे ऐकू येत नाही' या वाक्यात 'फारसे' हा शब्द 'नाही'ची वाट पाहत बसलेला असतो. 'नाही' काढून घेतला तर वाक्य लंगडे होते. म्हणजे नकार क्रियापदापाशी उघड दिसावा ही अपेक्षा आपलीही आहे, आणि 'कान्ट हार्डली' ही चूक पुण्या-साताऱ्याच्या वर्गातही होऊ शकते. हे विद्यार्थ्याला सांगितले की त्याचा संकोच बराच कमी होतो.

यावर माझा उपाय असा आहे. 'जवळजवळ' हा शब्द मी पहिल्या दिवशी वर्गात येऊच देत नाही. फळ्यावर एक आडवी रेघ ओढतो, डाव्या टोकाला शून्य आणि उजव्या टोकाला शंभर लिहितो, आणि 'हार्डली' शून्याला चिकटून मांडतो. त्यानंतर त्याला 'नॉट'चा धाकटा भाऊ म्हणतो. एका घरात दोन्ही भाऊ एकाच वेळी यजमान होऊ शकत नाहीत, हे वाक्य बालिश वाटले तरी प्रौढ विद्यार्थीही ते विसरत नाहीत. दोन नकारांनी होकार होतो ही गोष्ट चिनी भाषेला नवीन नाही. 'ज्याला हे ठाऊक नाही असा कोणी नाही' अशी रचना आपल्याप्रमाणे त्यांच्याकडेही सर्रास चालते. म्हणून 'कान्ट हार्डली'मध्ये दोन नकार मोजून दाखवले की पुढचे तो स्वतःच समजतो. अमेरिकेतल्या काही बोलींमध्ये 'कान्ट हार्डली' लोक सहज बोलतात आणि त्याचा अर्थ 'कॅन हार्डली' असाच असतो. विद्यार्थ्याने एखाद्या मालिकेत ते ऐकून तुम्हाला पकडले तर बावचळू नये, बोलीत ते आहे आणि परीक्षेत किंवा अर्जात ते चालणार नाही, एवढे सांगावे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. चिनी भाषेत नकार नेहमीच सरळ वागतो असे समजू नये. 'छा त्येन' म्हणजे 'होता होता राहिले', आणि 'छा त्येन श्वाय ताओ' म्हणजे 'पडता पडता वाचलो'. आता यात नकाराचा 'मेइ' घालून 'छा त्येन मेइ श्वाय ताओ' म्हटले, तरी अर्थ तोच राहतो: पडता पडता वाचलो. पण परीक्षेविषयी बोलताना 'छा त्येन मेइ खाओ शांग' म्हटले तर 'नापास होता होता राहिलो, पण झालो पास' असा अर्थ होतो. म्हणजे तेथे नकाराचे वजन पूर्ण पडते. नको असलेल्या गोष्टीत 'मेइ' नुसता शोभेचा आणि हव्या असलेल्या गोष्टीत खरा, हा चमत्कार भाषाशास्त्रज्ञ चू तशी यांनी १९५९ मध्येच एका निबंधात मांडला होता. आपल्या दृष्टीने मुद्दा असा की 'हार्डली' समजावताना 'छा त्येन'चा आधार घेऊ नये. मी एकदा घेतला होता. वर्गातल्या दोघांनी त्यावरून आपापसात चिनी भाषेत जो वाद सुरू केला, त्यात माझा तास संपला.

तिसऱ्या पायरीवर, नकार खरोखर गळी उतरला आहे की नाही, याची परीक्षा घ्यावी. 'हार्डली'नंतर 'सम' येत नाही, 'एनी' येते. 'नेव्हर' येत नाही, 'एव्हर' येते. 'देअर इज हार्डली एनी मिल्क', 'शी हार्डली एव्हर कम्स', 'हार्डली एनीवन केम', ही तीन वाक्ये तोंडावर रुळली की 'हार्डली नोबडी' आपोआप मागे पडते. वाक्याच्या शेवटी जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रश्नातही हा छुपा नकार उघडा पडतो: 'ही हार्डली ईट्स, डझ ही?' मुख्य वाक्य नकारार्थी आहे म्हणूनच पुढचा प्रश्न होकारार्थी आला, हे विद्यार्थ्याकडूनच वदवून घ्यावे.

आणि मग उत्तराची गंमत येते. मी छंगतूच्या त्याच अभियंत्याला एका सकाळी विचारले, 'यू हार्डली स्लेप्ट, डिड यू?' त्याचे डोळे लाल होते. तो म्हणाला, 'येस.' मी मुद्दाम म्हटले, 'ओह, गुड, यू स्लेप्ट!' तो गोंधळून म्हणाला, 'नो, नो, येस, नॉट स्लीप.' चिनी भाषेत अशा प्रश्नाला 'तुइ', म्हणजे 'बरोबर', असे उत्तर देतात, आणि त्यापुढे 'झोपलो नाही' असे म्हणतात. आपण तरी काय करतो? 'झोप झाली नाही वाटतं?' या प्रश्नाला 'हो ना, डोळा लागलाच नाही' असेच म्हणतो. प्रश्न विचारणाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे की नाही, हे मराठी आणि चिनी माणूस आधी सांगतो. इंग्रजीत प्रत्यक्ष गोष्ट घडली की नाही, एवढेच पाहिले जाते आणि उत्तर 'नो, आय डिडन्ट' असे येते. हा सराव रोज पाच मिनिटे, निदान पंधरा दिवस, तोंडी करून घ्यावा. लिहून तो होत नाही.

चौथी पायरी शब्दाच्या जागेची आहे आणि ती फारशी अवघड नाही. 'बी' क्रियापदाची रूपे आणि 'कॅन', 'हॅव' यांसारखी सहायक क्रियापदे यांच्या नंतर, आणि साध्या मुख्य क्रियापदाच्या आधी, ही त्याची सर्वसाधारण जागा: 'आय कॅन हार्डली वॉक', 'वी हार्डली नो देम'. चिनी विद्यार्थी 'आय हार्डली कॅन वॉक' असे म्हणतो, कारण त्याच्या भाषेत 'ची हू' आधी येतो आणि नकारासकट 'शकणे' त्याच्यामागून येते. हे चुकल्याने गैरसमज होत नाही. हळूहळू सुधारू द्यावे.

याच ठिकाणी होणारी दुसरी एक चूक मात्र लगेच पकडावी. 'नान ई'चे शब्दशः इंग्रजी करून विद्यार्थी 'आय अ‍ॅम हार्ड टु बिलीव्ह इट' असे लिहितो. त्याला म्हणायचे असते की माझा यावर विश्वास बसत नाही. पण वाक्याचा सूर 'माझ्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे' असा लागतो, आणि हे व्यवहाराच्या पत्रात लिहून जाणे बरे नव्हे. त्याला दोन वाटा द्याव्यात: 'आय कॅन हार्डली बिलीव्ह इट' किंवा 'इट इज हार्ड टु बिलीव्ह'. माणूस कर्ता असेल तर 'हार्डली' आणि वाक्य 'इट'ने सुरू होत असेल तर 'हार्ड', ही खूण व्याकरणाच्या पुस्तकात बसणारी नसली तरी पहिल्या वर्षाला पुरते.

यानंतर विद्यार्थी स्वतःच 'हार्डली हॅड ही सॅट डाउन व्हेन द फोन रँग' हे वाक्य घेऊन येतो. चिनी शाळांमध्ये शब्दक्रम उलटवण्याचा पाठ घोटून घेतला जातो, कारण दरवर्षी जून महिन्यात होणाऱ्या काओखाओ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या निबंधात 'काओची च्यूशिंग', म्हणजे वरच्या दर्जाची वाक्यरचना, दिसली की परीक्षक खूश होतो अशी समजूत आहे. १९८७ पासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या सीईटी-४ या इंग्रजी परीक्षेच्या तयारीतही तेच चालते. आपल्याकडच्या सीईटीशी तिचा नावापलीकडे काही संबंध नाही. परिणामी ज्याला 'आय हार्डली स्लेप्ट' म्हणता येत नाही, तोच हे भरजरी वाक्य पाठ म्हणून दाखवतो.

त्याचा अर्थ चिनी भाषेत 'कांग' आणि 'च्यौ' या जोडीने सांगतात: 'कांग' म्हणजे नुकताच, 'च्यौ' म्हणजे लगेच. तेथे नकाराचा मागमूस नाही, म्हणून विद्यार्थी विचारतो की इतके दिवस तुम्ही 'हार्डली'त नकार आहे म्हणालात, तो येथे कुठे गेला. या प्रश्नाचे उत्तर मराठी शिक्षकाइतके चांगले कोणालाच देता येणार नाही. 'तो बसतो न बसतो तोच फोन वाजला' या आपल्या वाक्यात 'न' जे काम करतो, तेच काम 'हार्डली' करतो: बसण्याची क्रिया पुरती झाली असे म्हणण्याइतकाही वेळ गेला नाही. हे मी मराठी वाक्य उच्चारून आणि त्याचे शब्द सुटे करून दाखवतो. मराठी न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही मधला 'न' ऐकू येतो. त्यानंतर दोनच गोष्टी सांगायच्या. पुढच्या भागात 'व्हेन' येतो. 'दॅन' हा 'नो सूनर'चा जोडीदार आहे. आणि पहिल्या क्रियेला 'हॅड' लागतो, जो विसरला जाणारच, कारण चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही. ही रचना ओळखता आली म्हणजे पुरे. बोलण्यात ती वापरण्याचा आग्रह मी धरत नाही, उलट जो वापरतो त्याला थोडा आवरतो.

पाचवी पायरी सुराची आहे, आणि शब्दकोश येथे पूर्णपणे हात टेकतात. त्या अभियंत्याला नोकरी लागली, आणि काही महिन्यांनी त्याने मला वरिष्ठांकडून आलेले एक पत्र दाखवले. त्यात एक वाक्य होते: 'दिस इज हार्डली अ फायनल ड्राफ्ट.' त्याने पाठ केलेला अर्थ लावला: हा जवळजवळ अंतिम मसुदा नाही, म्हणजे थोडेसे काम राहिले आहे. म्हणून त्याने दोन विरामचिन्हे दुरुस्त करून तोच मसुदा परत पाठवला होता. वरिष्ठांना म्हणायचे होते की याला अंतिम मसुदा म्हणायचे तरी कसे. येथे 'हार्डली' प्रमाण सांगत नाही, तो सभ्य भाषेत नापसंती व्यक्त करतो. 'इट इज हार्डली माय फॉल्ट' म्हणजे 'यात माझा काय दोष?', 'हार्डली सरप्रायझिंग' म्हणजे 'यात नवल ते काय', आणि कोणी 'आर यू रिच?' असे विचारल्यावर नुसते 'हार्डली!' म्हटले तर त्याचा अर्थ 'कसले काय!' असा होतो.

चिनी भाषेत या सुरासाठी चांगले शब्द आहेत, फक्त ते 'ची हू पू' नव्हेत. 'पिंग पू' हा समोरच्याची समजूत खोडून काढणारा नकार आहे आणि 'पू त्सू वेइ छी' म्हणजे 'आश्चर्य वाटण्याजोगे नाही'. विद्यार्थ्याला असे वाक्य वाचायला द्यावे आणि आधी विचारावे: येथे काही मोजले जात आहे का? झोप, दूध, माणसे, येण्याजाण्याच्या वेळा असे मोजण्यासारखे काही असेल, तर फळ्यावरची रेघ आठवावी. मोजण्यासारखे काही नसेल, तर बोलणारा बहुधा टोमणा मारत आहे असे धरून चालावे. ही कसोटी शंभर टक्के खरी ठरत नाही. 'आय हार्डली नो हिम' हे वाक्य दोन्हीकडे झुकू शकते. तरीही पत्रव्यवहारातल्या निम्म्या अडचणी तिने टळतात, असा माझा अनुभव आहे.

'बेअरली' आणि 'स्केअर्सली' या शब्दांविषयी थोडक्यात सांगतो. 'स्केअर्सली' पुस्तकी आहे, तो वाचताना कळला तरी पुष्कळ झाले. 'बेअरली' मात्र उपयोगाचा आहे, कारण त्यात गोष्ट कशीबशी झाल्याचा सूर असतो: 'ही बेअरली पास्ड' म्हणजे जेमतेम पास झाला, चिनी भाषेत 'म्येन छ्यांग'. अशा ठिकाणी 'हार्डली' घातला तर ऐकणारा अडखळतो.

शेवटी उच्चार. चिनी प्रमाण भाषेत शब्दावयव स्वरावर, 'न्'वर, अनुनासिक 'ङ्'वर किंवा फार तर 'र्'वर संपतो. त्यामुळे 'हार्डली'तला अर्धा 'ड' एक तर गिळला जातो किंवा त्याला शेपूट फुटून 'हारडअली' होते. सछ्वान, हूपेइ, हूनान या प्रांतांतल्या अनेक बोलींमध्ये 'न' आणि 'ल' यांत भेद करत नाहीत, आणि छंगतू सछ्वानमध्येच असल्याने माझा विद्यार्थी कित्येक महिने 'हार्डनी' म्हणत होता. 'ल'साठी जीभ वरच्या दातांमागे टेकवून नाक बोटांनी चिमटीत धरायला सांगावे: नाक बंद असताना 'न' नीट निघत नाही, 'ल' निघतो, आणि फरक विद्यार्थ्याला स्वतःच्या नाकात जाणवतो. त्याच तासाला त्याच्याकडून स्वतःच्या दिवसाविषयी पाच वाक्ये म्हणवून घ्यावीत, तीन 'हार्डली'ची आणि दोन 'हार्ड'ची, क्रम त्याला न सांगता आणि वहीत काहीही लिहू न देता. पाचही एका दमात जमेपर्यंत 'बेअरली'चा धडा उघडू नये.